पितळी पत्रा नरम करणे: वाटी ठोकताना आच कशी सांभाळावी

पितळ ठोकून आकार देताना बहुतेक तुकडे हातोडीने नाही, आचेने वाया जातात. म्हणून इथे ठोकण्यापेक्षा तापवण्यावर जास्त भर दिला आहे.

आधी पत्रा नीट निवडा. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ थंड ठोकायला सर्वांत चांगले. काडतुसांची टरफले याच मिश्रणाची ओढतात, म्हणून त्याला काडतुसी पितळ म्हणतात. ६०-४० चे पितळ थंडपणी फार ताणत नाही. लेथवर कातायचे शिसेमिश्रित पितळ तर घेऊच नका, ते ठोकताना आणि तापवतानाही तडकते. उथळ वाटीसाठी ०.८ ते १ मिमी जाडी पुरते. चकतीचा व्यास साधारण वाटीचा व्यास अधिक खोली एवढा धरा. १० सेंमी रुंद, ३ सेंमी खोल वाटीला १३ सेंमीची चकती लागेल. कडेची लव (कापताना राहिलेली धारदार किनार) कानशीने काढून टाका, नाहीतर चीर तिथूनच सुरू होते.

ठोके पडतात तसतसे धातूचे कण चेंगरून पत्रा कडक होत जातो. हाताला ते कळते: हातोडी उसळू लागते, आवाज बसका होता तो खणखणीत होतो, आणि तेवढ्याच जोराच्या ठोक्याला पत्रा कमी दबतो. इथेच थांबायचे. आणखी एक फेरी मारून बघण्याच्या मोहात कडेला केसाएवढी चीर पडते आणि ती पुढे वाढतच जाते.

आता आच. नरम करण्यासाठी ४५० ते ६०० अंश सेल्सिअस पुरे. हे पितळ ९१५ अंशांच्या आसपास वितळू लागते, पण नुकसान त्याच्या कितीतरी आधी होते. ७०० च्या वर कण झपाट्याने मोठे होतात आणि पुढच्या ठोक्यांत पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. नुसत्या पॉलिशने तो जात नाही, पुन्हा तापवूनही कण बारीक होत नाहीत. आणखी तापवले तर जस्त उडून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी ताप आणि थंडी भरते, म्हणून काम मोकळ्या हवेतच करा.

तापमान ओळखायला चांदीच्या डागकामाचा पांढरा पेस्ट फ्लक्स (डाग देताना सांध्याला लावतात तो लेप) सोपा. त्याचे चार-पाच ठिपके चकतीवर लावा. सुमारे ६०० अंशांना तो काचेसारखा पारदर्शक होतो, तसा झाला की ज्योत बाजूला घ्या. खोलीत अंधार ठेवा, कारण उजेडात मंद लाली दिसत नाही आणि ती दिसेपर्यंत पत्रा जास्त तापलेला असतो. चकती भट्टीच्या विटांवर ठेवून मोठी, मऊ ज्योत गोल फिरवा. सुरुवात सावकाश करा. ठोकून ताणलेल्या पितळाला एकाच जागी एकदम आच लागली तर ते तिथेच फुटू शकते. कडा मधल्या भागाआधी तापते, तिच्यावर लक्ष ठेवा.

लाली पूर्ण गेली की पाण्यात टाकायला हरकत नाही. पोलादासारखे हे पितळ पाण्याने कडक होत नाही. हवेत थंड केले तरी तेवढेच नरम राहते, फक्त वेळ जास्त लागतो.

तापवल्याने आलेला काळा थर काढायला १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरते. चिमटा तांब्याचा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा वापरा. आधी वापरलेल्या द्रावणात लोखंड बुडाले की पितळावर तांब्याची लालसर पुटे चढतात. तशी चढलीच तर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. नंतर पत्रा भरपूर पाण्याने धुऊन कोरडा करा.

ठोकायला लाकडी ठोकळ्यात कोरलेला खळगा आणि गोल तोंडाची हातोडी घ्या. कडेकडून आत, एकावर एक अर्धे चढणारे ठोके गोलाकार मारत मध्यापर्यंत या. कडेला चुणी दिसली की लगेच मोगरीने (लाकडी हातोड्याने) बसवा. ती दुमडली तर घडीच्या रेषेवरच पत्रा तुटेल. एक पूर्ण फेरी झाली की पुन्हा तापवा.

शेवटी वाटी मठारून (हलक्या ठोक्यांनी गुळगुळीत करून) झाली की ती कडकच हवी, पण आतला ताण मात्र काढायला हवा. ओव्हनमध्ये सुमारे २६० अंशांना तासभर ठेवा. कडकपणा जवळपास टिकतो, ताण जातो. हे टाळले तर ओलसर हवा आणि अमोनिया मिळून महिन्यांनंतरही पितळ आपोआप तडकते. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे अशीच फुटत, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळे. त्याचे कारण १९२१ मध्ये उलगडले. तेव्हा वाटीला अमोनिया असलेले पॉलिश लावू नका.