पडद्यावरच जगणारं साहित्य: मराठीच्या वर्गात सुरुवात कशी करावी

गोव्यात पदवीच्या मुलांना मराठी शिकवताना इलेक्ट्रॉनिक साहित्याचा विषय काढला, की बहुतेकांना आधी पीडीएफच आठवते. पीडीएफ छापून वाचता येते. हे साहित्य मात्र छापलं की संपतं, कारण वाचक कुठे क्लिक करतो किंवा प्रोग्राम त्या क्षणी काय जुळवतो, त्यावर मजकूर ठरतो. एवढी ओळख पुरे. लगेच वाचायला बसवा.

‘इलेक्ट्रॉनिक लिटरेचर कलेक्शन’चे खंड इंटरनेटवर मोफत आहेत, पहिला २००६चा, चौथा २०२२चा. जुन्या खंडांतल्या बऱ्याच कलाकृती फ्लॅश या ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या आहेत आणि २०२० अखेर फ्लॅश बंद झालं, तेव्हा वर्गात नेण्याआधी स्वतः उघडून बघा. एकच कलाकृती दोघांना द्या. दोघांच्या वाटा वेगळ्या निघतात आणि ‘तुला हे कुठे भेटलं?’ इथून चर्चा रंगते.

लिहायला ट्वाइन घ्या. फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहिण्याचं, २००९ साली आलेलं हे मोफत साधन. शब्दांभोवती दुहेरी चौकटी कंस घातले की दुवा तयार होतो, आणि अख्खी गोष्ट ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका एचटीएमएल फाइलमध्ये मावते. विषय जवळचा असू द्या: रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट पकडायची की पुढचीची वाट बघायची? फाटे मात्र आवरायला शिकवा. दर वळणावर दोन पर्याय दिले, तर दहाव्या वळणानंतर १,०२४ शेवट होतात! फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र कशा आणायच्या, यात कथालेखनाचं सगळं कसब आहे.

मला सर्वांत आवडतो तो कवितेचा तास. कवी आणि प्रोग्रामर निक माँटफर्ट यांची ‘तारोको गॉर्ज’ ही २००९ची न संपणारी कविता एका छोट्या प्रोग्राममधून जन्मते. तिच्या शब्दयाद्या बदलून अनेकांनी आपापल्या कविता केल्या. आमची मुलं चतुर्थीच्या माटोळीतले, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीतले, शब्द घालतात आणि पडद्यावर ‘हिरवी नारळ डोलते’ असं काहीतरी उमटतं. मूळ इंग्रजीत लिंग जुळवायची ही अडचणच नाही. आपल्याकडे नारळ डोलतो, सुपारी डोलते, केळं डोलतं. मग कुणी लिंगाप्रमाणे तीन याद्या करतं, कुणी लाल, गोल, जड अशी न बदलणारी विशेषणं निवडतं. लिंगाची इतकी जिवंत चर्चा व्याकरणाच्या तासाला होत नाही. हा वेळ मुलांना मनसोक्त द्या, उत्तर सांगू नका.

अक्षरं एकेक करून पडद्यावर आणायची असतील, तर आणखी एक गोष्ट. ‘माटोळी’त आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा सहा तुकडे मोजते आणि काना-मात्रा सुट्या पडतात. तिच्यातलंच ‘इंटल सेगमेंटर’ (Intl.Segmenter) हे मजकुराची अक्षरं पाडणारं साधन वापरलं की मात्रा आपापल्या अक्षराला चिकटून राहतात.

गुण देताना कोडही वाचा. यादीत काय ठेवलं आणि काय गाळलं, हे त्या विद्यार्थ्याचं लेखनच आहे.