पूर येतोय? आधी जनावरं, मग मदतीचे ट्रक

कोयनेतनं विसर्ग वाढला की आपल्या कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात कल्लोळ-येडूर बंधारा बुडायची वाट बघू नका, आधी जनावरं माळावर हलवा. रेशन कार्ड, आधार, उतारा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला. गंजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत) माणसाचं भागतंय, म्हशीच्या वैरणीचं कोण बघणार ते आधी विचारा.

मदतवाल्यांचा फोन आला तर सरळ सांगा, जुने कपडे नकोत (कोण घालतंय ते!), पेंड, सतरंज्या, ब्लिचिंग पावडर आणा, आणि हायवेकडंच्या पहिल्याच गावात सगळा ट्रक रिकामा करू नका.

पाणी ओसरल्यावर चिखल काढायच्या आधी भिंतीवरची पाण्याची खूण, पडलेली भिंत, सगळ्याचे फोटो काढा, पंचनाम्याला तेच दाखवायचे. फॉर्म कन्नडमधे असतोय, वाचता येणारं पोरगं बरोबर घ्या आणि मगच सही करा.