बँकेत खातं नाही, पोस्टातून अनुदान घेताय? मग या चुका टाळा

बँकेत खातं नाही म्हणून निराधारचं अनुदान नाहीतर मातृवंदनाची (गरोदर बायकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची) रक्कम अडकून पडेल अशी भीती आपल्या सोलापुरात अजून खूप घरांत आहे, विडी घरकुलात जा, कुंभारीच्या वसाहतीत जा, रे नगरात जा, बायका हेच विचारतात. तर बँक नाही म्हणून पैसे अडत नाहीत, पोस्ट आहे की. रोजगार हमीची मजुरी असो की मातृवंदना, पोस्टातलं खातं चालतं. पैसे अडतात ते दुसऱ्याच कारणांनी, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपलं आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलंय तेच आपल्याला माहीत नसतं.

पण आधी पोस्टातली खाती समजून घ्या, कारण पहिली गडबड तिथंच होते. पोस्टात दोन वेगळी खाती निघतात. एक पोस्टाचं जुनं बचत खातं, पासबुकवालं. त्याला एरवी 500 रुपये शिल्लक ठेवावी लागते, पण सरकारी योजनेत नाव असलेल्यांसाठी झिरो बॅलन्सचं बेसिक बचत खातंही आहे, ते मागून घ्या, काउंटरवर आपणहून कुणी सांगेलच असं नाही. दुसरं इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं, जे 2018 मध्ये सुरू झालं आणि पोस्टमन घरी येऊन मशिनवर काढून देतो. म्हणायला ती बँकच, पण सगळा कारभार पोस्टमन आणि पोस्टाच्या काउंटरवरच चालतो. आता दोन्हीचे आयएफएससी कोड, म्हणजे पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे ते सांगणारे कोड बघा, बचत खात्याचा IPOS0000DOP आणि पेमेंट्स बँकेचा IPOS0000001. सुरुवात सारखीच, त्यामुळे फॉर्म भरणारा पोरगा घाईत एकाचा नंबर आणि दुसऱ्याचा कोड टाकतो आणि महिनाभराने कळतं की पैसे परत गेले. फॉर्मवर सही करायच्या आधी खाते नंबर आणि कोड दोन्ही पासबुकाशी नाहीतर कार्डाशी ताडून बघाच.

आता आधारचं. लोक म्हणतात "माझ्या खात्याला आधार लिंक आहे", आणि ते खोटं नसतं, खातं काढताना आधारची झेरॉक्स दिलेली असते. पण ती केवायसी झाली, म्हणजे नुसती ओळख पटवणं. सरकार आधार नंबरवर पैसे पाठवतं तेव्हा एनपीसीआयच्या (बँकांमधली पैशांची देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत तुमच्या आधारसमोर जे खातं आहे तिथंच पैसे जातात, आणि तिथं एका वेळी एकच खातं असतं, जे सगळ्यात शेवटी जोडलं ते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी कुणीतरी वस्तीत कॅम्प लावला, जनधनचं खातं काढून दिलं, पासबुक कुठं गेलं ते आठवतही नाही, आणि आज तुम्ही पोस्टात नवीन खातं काढून वाट बघताय, पैसे मात्र तिकडं त्या विसरलेल्या खात्यात पडतायत. अशा वेळी योजनेच्या ऑफिसला भांडून काही होत नाही, त्यांच्या कॉम्प्युटरवर पैसे जमा झालेले दिसतात आणि ते खरंही असतं.

हे बघायचं कसं तर आधारच्या माय-आधार वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस (आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते) उघडायचं, तिथं बँकेचं नाव येतं आणि ते चालू आहे का बंद तेही येतं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो, तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदला, त्याशिवाय तिथं लॉगिन होणार नाही. चुकीचं खातं दिसलं तर जिथं पैसे हवेत तिथं, म्हणजे पोस्टात, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा, त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहा, आणि काही दिवसांनी परत स्टेटस बघा. नुसता फॉर्म दिला म्हणजे काम झालं असं धरून चालू नका. आणि जुन्या खात्यात आलेले पैसे बुडालेले नसतात, आधार घेऊन त्या बँकेत गेलात की निघतात.

खातं मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं देऊ नका, जॉइंटही नको. लाडकी बहीणला तर बाईचं स्वतःचंच खातं लागतं.

मोबाईलवर ॲपमधून पेमेंट्स बँकेचं डिजिटल खातं काढलं असेल तर वर्षाच्या आत पोस्टात जाऊन अंगठा लावून पूर्ण केवायसी करून घ्या. नाही केली तर ते खातं बंद होतं, आणि हे लक्षात येतं हप्ता न आल्यावरच.

आता अंगठ्याचा विषय, ज्यावर आपल्या गावात जरा जास्तच बोलायला हवं. वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या अक्काचं बोट बघा, पान दुमडून दुमडून आणि धागा ओढून ओढून टोकावरच्या रेघा पार पुसलेल्या असतात, लूमवर काम केलेल्यांचंही तेच. मशिनवर लाल दिवा लागतो, पोस्टमन म्हणतो परत लावा, परत लावा, आणि बाईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तुमचं काही चुकत नाही अक्का. हात साबणाने धुवा, कोरडे करा, फार कोरडं बोट असेल तर किंचित तेल लावून पुसा, आणि अंगठ्यावरच अडून बसू नका, दहाही बोटं चालतात, अनामिका किंवा करंगळी कामाला कमी येते म्हणून तिच्या रेघा बऱ्याचदा शाबूत असतात. तरी नाही झालं तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. डोळ्याचा किंवा चेहऱ्याचा पर्याय आहे का तेही पोस्टमनला विचारा, पेमेंट्स बँकेत आता चेहऱ्यावरून ऑथेंटिकेशन सुरू झालंय. कुणी सुरक्षेसाठी आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक (बोटांचे ठसे) लॉक करून ठेवलं असेल तरी अंगठा लागत नाही, पोराच्या मोबाईलमध्ये तेवढं बघून घ्या.

अंगठा लागला पण मशिन म्हणालं फेल, तर लगेच दुसऱ्यांदा लावू नका, आधी बॅलन्स बघायला लावा. पैसे कट झाले आणि हातात आले नाहीत असं होतं, तेव्हा पावती मागा, फेलची सुद्धा पावती निघते, ती जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की आधारवर पैसे काढताना असं झालं तर 5 दिवसांत पैसे खात्यात परत यायला हवेत, त्यापुढे रोजचे 100 रुपये भरपाई. हे माहीत नसल्यामुळे माणसं हजार-दीड हजारावर पाणी सोडतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यांच्यासाठी तो महिन्याचा किराणा असतो. आणि दुकानात किंवा सेंटरवर पैसे काढत असाल तर स्क्रीनवर किती आकडा टाकलाय तो बघितल्याशिवाय, वाचता येत नसेल तर सोबतच्याकडून वाचून घेतल्याशिवाय बोट ठेवायचं नाही. "केवायसी करायचीय, अंगठा द्या" म्हणत कुणी दारात आलं तर सरळ नाही म्हणा, ओळखीचा पोस्टमन असेल तरच द्या.

सगळं बरोबर आहे आणि तरी अनुदान थांबलंय असं असेल तर निराधार-श्रावणबाळवाल्यांनी तहसीलच्या संजय गांधी शाखेत जाऊन हयातीची नोंद राहिली आहे का विचारा, ती दरवर्षी लागते. विडी कारखान्याची पीएफ पेन्शन असणाऱ्यांचं जीवन प्रमाणपत्र पोस्टमन घरी येऊन काढून देतो, आधी त्याचे 70 रुपये लागायचे, 2025 पासून पीएफ पेन्शनवाल्यांना ते फुकट आहे, पण ते त्या पेन्शनपुरतंच, तहसीलवाल्यांना ते दाखवून भागत नाही. शेजारणीचं झालं म्हणून आपलंही झालं असं समजू नका.

तक्रार करायची तर पेमेंट्स बँकेसाठी 155299 वर फोन करा, तक्रार नंबर लिहून घ्या, महिनाभरात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या 14448 वर. पासबुकवाल्या बचत खात्याची तक्रार मात्र रिझर्व्ह बँकेकडे चालत नाही, ती पोस्टमास्तरकडे लेखी द्यायची आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा.