डेंटल क्लिनिकमध्ये नवीन लागलात? आधी अवजाराचं टोक बघायला शिका

बारावी आर्ट्स झाल्यावर मी सांगलीत एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागले, त्याला आता सात वर्षं होतील. पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी ड्रॉवर उघडून दाखवला तर आत सगळ्या एकसारख्या स्टीलच्या काड्या आणि पकडी, मी आपली वहीत नावं उतरवून पाठ करत बसले आणि दोन आठवडे पाठ करूनही ऐन वेळी हात चुकायचाच. नंतर कळलं की नाव मागाहून येतं, आधी टोक बघायचं. हे टोक तोंडात कुठे पोचणार आणि तिथे जाऊन काय करणार, एवढं समजलं की नाव विसरलं तरी हातात बरोबर वस्तू येते.

रोजचा ट्रे म्हणजे मिरर, प्रोब, ट्विझर. मिरर नुसता बघायला नसतो हं, गाल नि जीभ बाजूला धरायला लागतो आणि मागच्या दाढेवर लाईटचा उजेड पाडायलाही तोच. प्रोबचं टोक सुईसारखं, कीड लागलेली जागा चाचपायला. ट्विझरने कापसाचा बोळा आत-बाहेर करायचा. यातच प्रोबसारखा दिसणारा पण बोथट टोकाचा आणि अंगावर रेघा असलेला एक असतो, तो विल्यम्स प्रोब, हिरडी दातापासून किती सुटलीय ते मोजायचा. रेघा १, २, ३, ५, ७, ८, ९, १० मिलिमीटरला असतात, ४ आणि ६ च्या मुद्दाम गाळल्यात म्हणजे वाचताना गफलत होत नाही. मॅडम एकेका दाताला सहा जागी मोजून आकडे बोलतात, आपण भराभर लिहायचे. ३ पर्यंत ठीक, ५-६ यायला लागले की हिरडीचं दुखणं आत गेलंय समजा.

आता दात काढायचं सामान, इथे मी जास्त वेळ घेणार कारण इथेच माझी मोठी चूक झालेली. दातांचे नंबर दोन आकड्यांचे असतात, पहिला आकडा तोंडाचा कोणता भाग ते सांगतो, १ म्हणजे वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे, सगळं पेशंटच्या उजव्या-डाव्याने. २६ ला सव्वीस नाही म्हणायचं, टू-सिक्स म्हणायचं. मॅडम टू-सिक्स म्हणाल्या आणि मी उजव्या बाजूचा फोरसेप, म्हणजे दात काढायची पकड, हातात दिला. त्यांनी दाताला लावायच्या आधीच बघितलं म्हणून बरं, पण डावीकडच्या फोरसेपचा पाऊच, म्हणजे निर्जंतुक केलेलं बंद पाकीट, फोडून देईपर्यंत भूल दिलेले एक आजोबा तोंड उघडं ठेवून बसले होते, ते मला अजून आठवतं.

त्या संध्याकाळी मॅडमनी थांबून समजावलं. वरच्या दाढेला तीन मुळं, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे, म्हणून त्या फोरसेपची एक चोच टोकदार असते, ती गालाकडच्या दोन मुळांमधल्या खाचेत बसते आणि दुसरी गोलसर चोच टाळूकडून धरते. टोकदार चोच कायम गालाकडे, म्हणून उजवा-डावा वेगळा. खालच्या दाढेला बहुतेक दोनच मुळं, एक पुढे एक मागे, त्यामुळे दोन्ही चोची टोकदार आणि एकच फोरसेप दोन्ही बाजूंना चालतो, शिवाय खालचा लगेच ओळखू येतो, चोच दांड्याला काटकोनात वळलेली असते. हे एकदा कळल्यावर मी परत कधी चुकले नाही. आणि फोरसेपच्या आधी एलिव्हेटर द्यायचा, दात आधी सैल करून घेतात मग पकडतात.

फिलिंगचं सामान हाताने लवकर बसतं. चमच्यासारखा एक्स्कॅव्हेटर मऊ कीड खरवडायला, चपट्या टोकाचं अवजार मसाला भरायला, कंडेन्सर दाबायला, कार्व्हर आकार द्यायला. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतो, दात तापू नये म्हणून त्यातून पाणी येतं, त्यामुळे तो चालू झाला की पाणी ओढून घेणारा सक्शन तोंडात हवाच.

रूट कॅनालच्या फाईल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करायच्या बारीक पिळदार सुया, मात्र मुठीच्या रंगावरून शिका. १५ पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी, आणि ४५ पासून परत पांढरी सुरू. नंबर म्हणजे टोकाची जाडी, २५ म्हणजे ०.२५ मिलिमीटर. बारीक कॅनाल असेल तर त्याआधी ८ राखाडी आणि १० जांभळी लागते. लांबी २१, २५ किंवा ३१ मिलिमीटर, पाकिटावर बघून घ्या, रंग सारखाच असतो. देण्याआधी फाईल उजेडात धरून पिळे बघायचे, एखादा पिळा उलगडलेला दिसला तर ती फाईल बाजूला काढायची, कारण तीच कॅनालमध्ये तुटते.

संध्याकाळी सगळं ब्रशने धुवून, कोरडं करून, पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनला, १२१ डिग्रीला पंधरा मिनिटं किंवा १३४ ला तीन-चार मिनिटं, मशीनप्रमाणे. रक्त सुकून राहिलं तर वाफ त्याच्या खाली पोचत नाही, म्हणून धुण्यात कंटाळा नको. फोरसेपची चोच उघडी ठेवूनच पाऊच बंद करा.

भुलीच्या सुईचं टोपण दोन्ही हातांनी कधीच लावू नका, टोपण ट्रेमध्ये ठेवून एका हातानेच सुई त्यात सरकवायची, आणि वापरलेली सुई पांढऱ्या जाड डब्यात. मला चौथ्या महिन्यात टोचली होती. साबणाने हात धुवून लगेच मॅडमना सांगितलं, रक्त तपासलं, रिपोर्ट नीट आला पण तोपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. हिपॅटायटिस बीची लस मी त्यानंतर घेतली, तुम्ही लागल्या लागल्या घ्या, तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहाव्या महिन्यात, आणि शेवटचा बहुतेकजण विसरतात म्हणून तारीख आजच मोबाईलमध्ये लावून ठेवा.