नाशिकमध्ये बसून बातम्यांचा कॉमेडी टॉक शो कसा सुरू करायचा

बऱ्याच जणांना वाटतं की असा शो म्हणजे आधी सेट लागतो, मोठं टेबल, मागे शहराचा फोटो, हातात मग, आणि मग जोक. तसं नाहीये. टेबल कुठलंही चालतं हो, पण बातमी नीट सांगता आली पाहिजे, कारण समोरच्याला बातमीच कळली नसेल तर तो हसणार कशावर? अमेरिकेतला कॉमेडी शोचा होस्ट जॉन ऑलिव्हर २०१४ पासून एकेका विषयावर वीस-वीस मिनिटं बोलतोय, त्यात बरीचशी तर नुसती माहिती असते आणि तरी लोक शेवटपर्यंत बघतात. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम म्हणणं: टीममधला पहिला माणूस जोक लिहिणारा नको, बातमी शोधणारा घ्या.

विषय कुठून आणायचे? मुंबई-दिल्लीच्या बातम्यांवर ढीगभर लोक बोलतायत, तिथे गर्दी करू नका. सकाळी पेपरची नाशिकची पानं वाचा, महापालिकेच्या बातम्या वाचा, लासलगाव आणि पिंपळगावचे बाजारभाव बघा, शासन निर्णय आला की तो सरकारी साइटवरून उतरवून मूळ वाचा. इथे मालाची कमी नाहीये. मागचा सिंहस्थ कुंभमेळा २०१५ ला झाला, पुढचा २०२७ ला आहे, म्हणजे खोदलेले रस्ते, टेंडर, साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची का यावरून पेटलेला वाद, एवढ्यावरच तुमचा एक सीझन निघेल. आठवड्याला एकच मोठा विषय आणि दोन-तीन छोट्या बातम्या, एपिसोड बारा-पंधरा मिनिटांच्या वर सुरुवातीला नेऊच नका.

आता लिहिणं. हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळा खेळ इथेच आहे. समजा विषय कांदा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी लावली, मे २०२४ ला उठवली पण ४० टक्के शुल्क ठेवलं, सप्टेंबरला ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. हे आधी सरळ दोन वाक्यात सांगून टाका, जोक न करता. मग पहिला ड्राफ्ट असा येतो: "लासलगावात कांदा विकल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं." बरोबर आहे पण कोणी हसत नाही, कारण आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि गमतीचा शब्द मध्ये दाबला जातो. वाक्य फिरवा: "सगळीकडे कांदा कापला की डोळ्यात पाणी येतं. लासलगावात, विकला की." बघा, हशाचा शब्द शेवटी आला, त्याच्यानंतर काही नाही, लोकांना हसायला जागा मिळाली. आता लगेच त्याला शेपूट जोडा: "आणि मुंबईत, विकत घेतला की." मग शेवटचा घाव: "रडत नाही तो एकच माणूस, फाइलवर सही करणारा." इथे शेतकरी हास्याचा विषय झालाच नाही, गिऱ्हाईकही झालं नाही, ज्याच्या हातात निर्णय होता त्याच्यावर ते गेलं. प्रत्येक जोक लिहून झाला की हे तपासा, आपण कोणावर हसतोय.

पॉप कल्चरला पण हेच लागू. बिग बॉस मराठीचा २०२४ चा सीझन रीलमधून पुढे आलेल्या सूरज चव्हाणने जिंकला. त्याच्या बोलण्याची नक्कल करून हशा मिळेल, लगेच मिळेल, पण तो घेऊ नका. त्यापेक्षा जे लोक वर्षभर त्याच्या रीलखाली नाकं मुरडत होते आणि जिंकल्यावर आमचाच पोरगा म्हणत फोटो टाकायला लागले त्यांच्याकडे वळा, तिथे खरा मसाला आहे. सिनेमावर बोलायला तर नाशिकला हक्कच आहे, दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म, त्यामुळे सिनेमाच्या बातम्यांचा सेगमेंट इथून करताना संकोच कसला?

बोलण्याची भाषा तुमची स्वतःचीच ठेवा. सिडको-सातपूरला खानदेशातून आलेली केवढी वस्ती आहे, तिकडचा होस्ट तिकडच्या लहेजात बोलला तर ऐकणारा सरसावून बसतो, उगाच पुणेरी व्हायला जाऊ नका.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो पण माइक कॉलरला लावायचाच, आवाज वाईट असेल तर लोक दहा सेकंदात पुढे जातात. कॉलेज रोड किंवा द्वारकाच्या बाजूला रस्त्यालगतची खोली घेऊ नका, हॉर्नमुळे एडिटिंगला रडाल. पंधरा-वीस माणसं समोर बसवा, खुर्च्या एकमेकींना चिकटून, पुढची रांग आधी भरायची, त्यांच्या बाजूचे दिवे मंद. माणूस अंधारात आणि शेजाऱ्याला खेटून बसला की मोकळा हसतो, उजेडात लांब लांब बसवला तर हात बांधून बघत राहतो. रेकॉर्ड केलेला हशा मागून टाकू नका, ऐकणाऱ्याला कळतं.

पाहुणा बोलवायचा तर नट-नट्यांच्याच मागे लागायची गरज नाही. ढोल पथकातली मुलगी, द्राक्षं एक्स्पोर्ट करणारा बागायतदार, सिटीलिंक या शहर बसचा कंडक्टर, यांच्याकडे अस्सल किस्से असतात. फक्त आदल्या दिवशी त्यांना फोन करा, अर्धा तास नुसतं ऐका, त्यातले तीन किस्से लिहून ठेवा आणि शोमध्ये तिथपर्यंत नेणारे प्रश्न विचारा. "दादा, त्या कंटेनरचं काय झालं होतं?" असं विचारलं की माणूस खुलतो, "तुमच्या प्रवासाबद्दल सांगा" म्हटलं की भाषण सुरू होतं.

कायद्याचं थोडक्यात. दुसऱ्याची क्लिप वापरताना छोटा तुकडा घ्या आणि त्यावर तुमचं भाष्य असू द्या, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि चालू घडामोडींसाठी रास्त वापराला जागा आहे. पण यूट्यूबची यंत्रणा आपोआप पकडते आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे मूळ मालकाच्या तक्रारीवरून मिळणारे इशारे, आले तर चॅनलच जाऊ शकतं, म्हणून गाणी टाळा. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते, तेव्हा कोणावर पैसे खाल्ल्याचा आरोप जोकच्या नावाखाली करू नका, छापून आलेलं किंवा कागदावर असलेलं तेवढंच बोला. देवाधर्माच्या विषयात श्रद्धेला हात न लावता व्यवस्थेवर बोला, रामकुंडाच्या पाण्याच्या स्वच्छतेवर बोलायला भरपूर आहे.

आणि एक जागा शोमध्ये कायमची राखून ठेवा, दुरुस्तीची. मागच्या भागात एखादा आकडा किंवा तारीख चुकली असेल तर पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच, क्रेडिट्समध्ये लपवून नाही, होस्टने स्वतः सांगायचं. जुन्या व्हिडिओच्या खालीही ती दुरुस्ती पिन करून ठेवा, कारण लोक तो भाग सहा महिन्यांनी पण बघतात.