उनोच्या मदतीने एटीटायनी८५ प्रोग्राम करूया

एक एलईडी लुकलुकवायला अख्खा अर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) अडकवून ठेवायची गरज नाही. आठ पिनांची इवलीशी एटीटायनी८५ चिप तेच काम करते. प्रोग्रामसाठी तिच्यात ८ किलोबाइट जागा आहे. आकाशकंदिलातल्या दिव्यांचा खेळ तेवढ्यात आरामात बसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ चौकशी करा. घेताना ‘डिप’ पॅकेजच (खाली वळलेल्या पायांची चिप) मागा, चपटी चिप ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पाटीवर, बसत नाही.

चिप थेट कॉम्प्युटरला जोडता येत नाही, म्हणून उनोलाच प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरणारं साधन, करायचं. कॉम्प्युटरवरच्या अर्डुइनो आयडीईत (प्रोग्राम लिहून बोर्डवर पाठवायचं सॉफ्टवेअर) एक्झाम्पल्समधलं ‘अर्डुइनो आयएसपी’ उघडून उनोवर अपलोड करा. ते झाल्यावरच उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ऋण टोक ग्राउंडला. नाहीतर कॉम्प्युटर बोलायला लागला की उनो स्वतःच रिसेट होतो.

आता यूएसबी काढून वायरी जोडा. चिपवरच्या ठिपक्याशेजारची पिन १, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं. चिपची १ उनोच्या १० ला, ५ ही ११ ला, ६ ही १२ ला, ७ ही १३ ला. ८ ला ५ व्होल्ट, ४ ला ग्राउंड. ही शेवटची जोडी दोनदा तपासा. उलटी लागली तर चिप तापते आणि जळूही शकते.

यूएसबी परत लावा आणि आयडीईच्या बोर्ड्स मॅनेजरमधून ‘एटीटायनीकोअर’ टाका, म्हणजे आयडीईला ही चिप ओळखता येईल. (त्याचा पत्ता आधी प्रेफरन्सेसमध्ये भरावा लागतो.) बूटलोडर (चिपमध्ये आधीच बसवलेला, प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम) नसलेली एटीटायनी८५, इंटर्नल ८ मेगाहर्ट्झ आणि प्रोग्रामर म्हणून ‘अर्डुइनो ॲज आयएसपी’ निवडा.

मग ‘बर्न बूटलोडर’ दाबा. नाव फसवं आहे: इथे बूटलोडर जात नाही, चिपचे फ्यूज, म्हणजे वेगासारख्या मूळ सेटिंग्ज, बसतात. नवी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते. ही पायरी गाळली, तर प्रोग्राममधला एक सेकंद प्रत्यक्षात आठ सेकंदांचा होतो आणि माणूस तासभर वायरी तपासत बसतो. रिसेट पिन बंद करणाऱ्या फ्यूजला मात्र हात लावू नका. तो बदलला तर या पद्धतीने चिप पुन्हा प्रोग्राम होत नाही, त्यासाठी १२ व्होल्टचा वेगळा प्रोग्रामर लागतो.

एक्झाम्पल्समधलं ‘ब्लिंक’ उघडा आणि एलईडी बिल्टइनच्या जागी सगळीकडे ३ लिहा. प्रोग्राममधला हा ३ म्हणजे चिपची पिन २! नवखे इथेच गोंधळतात. त्या पिनला ३३० ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. ‘अपलोड युझिंग प्रोग्रामर’ दाबा.

लुकलुकला? आता उनोच्या सगळ्या वायरी काढा. पेन्सिल सेल तीन, एकापुढे एक: धन टोक पिन ८ ला, ऋण पिन ४ ला. एलईडी पुन्हा लुकलुकू लागेल, आणि उनो पुढच्या प्रयोगासाठी मोकळा.