फ्रीलान्स फोटोग्राफरनो, या चुका टाळा (पहिली तर नक्कीच)

दर लग्नसराईत दोन-तीन नवी मुलं माझ्याबरोबर सेकंड शूटर, म्हणजे जोडीला फोटो काढणारा दुसरा फोटोग्राफर, म्हणून येतात. हात चांगला असतो, नजरही असते. पण अक्षता पडून पंगत बसायच्या आत खिशातला फोन बाहेर येतो आणि नवरीचा फोटो स्टोरीला लागतो. मी दर वेळी अडवतो, कारण ही चूक मी स्वतः करून बसलोय.

कराडजवळच्या एका गावात साखरपुडा होता. घरगुतीच, चाळीसेक माणसं. होणाऱ्या सासूबाई ओटी भरत होत्या, ओंजळीतून तांदूळ सुटले होते, मुलीची नजर खाली पदराकडे. रात्री घरी आल्यावर तो फोटो बघून राहवेना. साडेअकराला एडिट करून गावाच्या नावासकट इन्स्टाग्रामवर टाकला. सकाळी सातला मुलीच्या वडिलांचा फोन आला. तिच्या आजोबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून त्यांनी भावकीत न सांगता कार्य उरकलं होतं. भावकीला ते कळलं माझ्या फोटोवरून. ते ओरडले नाहीत. "अहो, घरातला माणूस समजून तुम्हाला आत घेतलं होतं," एवढंच म्हणाले. मी फोटो लगेच काढला, पण स्क्रीनशॉट तोवर त्यांच्या ग्रुपवर फिरत होता. लग्नाची ऑर्डर त्यांनी दुसऱ्याला दिली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

"फोटो मी काढला, म्हणजे तो माझा" हे वाक्य मी मुलांकडून नेहमी ऐकतो. लग्नाच्या ऑर्डरीत ते खरं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार झाला नसेल, तर हक्क त्या काढून घेणाऱ्याचा. त्यामुळे ॲडव्हान्स घेतानाच मी एक पानी करार करतो, साध्या मराठीत. फोटो ऑनलाइन टाकले तर चालतील का, कधीपासून, आणि कुणाचे चेहरे नकोत, हे त्यात लिहून घेतो. प्री-वेडिंग असेल तर मुलीला वेगळं विचारतो, कारण घरच्यांसमोर ती बऱ्याचदा नुसती मान हलवते. होकार असला तरी आधी अल्बम घरात जातो, मग फोटो इन्स्टाग्रामवर. लाइक थोडे उशिरा येतात, त्याने काही बिघडत नाही. माझी निम्म्याहून जास्त कामं आजही कुणाच्या तरी मावशीने दिलेल्या नंबरवरून येतात.

दुसरी चूक मेमरी कार्डाची. "नंतर कॉपी करतो" म्हणणाऱ्याला मी पुढच्या ऑर्डरीला नेत नाही. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो जाऊ द्या. दुसरं कार्ड 'पहिलं भरल्यावर' या सेटिंगवर ठेवलं तर त्याचा बॅकअप म्हणून काहीच उपयोग नाही. भरलेलं कार्ड माझ्याकडे पाकिटात उलटं जातं, लेबल आत. उलटं दिसलं की हात लावायचा नाही. दोन हार्ड डिस्कवर कॉपी होऊन फोटो उघडून बघेपर्यंत ते फॉरमॅट होत नाही, मग रात्रीचे दोन वाजू देत. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. लगेच बाहेर काढा आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. वर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर बरेच फोटो परत मिळतात.

मांडवात फोटोवर आडवे पट्टे येतायत? सायलेंट शटर, म्हणजे आवाज न करता फोटो काढायचं सेटिंग, बंद करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मेकॅनिकल (खटका वाजणारं) शटर लावून स्पीड १/१०० सेकंद ठेवला की बहुतेक ठिकाणी पट्टे जातात. हे अंतरपाट धरायच्या आधी तपासा, तो एकदाच खाली येतो.

दोन कॅमेरे असतील तर सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांतली वेळ जुळवा. नाहीतर एडिटिंगला बसल्यावर पाठवणी आधी आणि कन्यादान नंतर असा घोळ निस्तरत बसाल.

लॅपटॉपवरचे रंग फोनवर फिके पडतात? एक्सपोर्ट करताना रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनना समजणारा रंगांचा प्रकार) निवडा.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबला जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, क्लिअर नाही.

कंपनीच्या कार्यक्रमाचे पैसे सहा-सहा महिने अडकतात, अशी तक्रार करणाऱ्यांची उद्यम नोंदणीच (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) नसते. ती फुकट आहे, आजच करा. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे अशा लहान व्यावसायिकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की अकाउंट्सवाला फोन उचलतो.

फॉलोअर विकत घेऊ नका. साताऱ्यातल्या मुलीच्या लग्नाला परदेशातले दहा हजार नकली अकाउंट कामाचे नाहीत.

आणि कुणी कमेंटमध्ये "किती घेता?" विचारलं तर "डीएम करा" लिहून मोकळे होऊ नका. मी तिथेच लिहितो: एका दिवसाचे साधारण इतक्यापासून इतके, अल्बम वेगळा, तारीख कळवा. विचारणारी बहुतेक वेळा मुलीची बहीण असते, आणि संध्याकाळी तिला घरी आकडा सांगायचा असतो.